सात भाऊ आणि काखेतला हमाल

खरं सांगते, गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे! एक अक्षर जरी खोटं निघालं, तर माझे सगळे दात पडोत. आता माझे दात आधीच पडलेत आणि कपाटावरच्या वाटीत पाण्यात पडून आहेत, ही गोष्ट वेगळी. शपथ ती शपथ. हसायचं नाही. आणि नाकही मुरडायचं नाही, कारण गोष्ट काखेची आहे.

एका कारखान्यात एक बाई नोकरीला होती. घामाचा वास घालवणाऱ्या बाटल्या बनवायचा तो कारखाना. सकाळी काखेत फिरवा आणि दिवसभर खुशाल हात वर करा, अशी त्यांची पाटी होती. तिथे बाटल्या भरणारे वेगळे, झाकणं लावणारे वेगळे, लेबलं चिकटवणारे वेगळे. ही बाई फक्त वास घ्यायची. सव्वीस वर्षं. तिला सगळे नाकाबाई म्हणायचे आणि तिला त्याचा राग नव्हता. उलट कोणी कागदावरच्या नावाने हाक मारली तर ती मागे वळूनही बघायची नाही.

नाक कसलं, दुर्बीण होती ती! लिफ्टचं दार उघडलं की रिकाम्या लिफ्टमध्ये नाक घालून सांगायची, "आत्ता हिशेबनीस वर गेले. घाईत होते. आणि बायकोशी भांडून आलेत." विचारलं तर तिन्ही गोष्टी खऱ्या. एकदा तिने टपालाचं पाकीट न फोडता सांगितलं होतं, की आत नकार आहे. लिहिणाऱ्याला घाम फुटला होता म्हणे.

कारखान्यात दर मंगळवारी काखदिवस असायचा. कोणी हसत नव्हतं हो, भिंतीवरच्या वेळापत्रकात तसं छापलेलंच होतं. माणसं आधी दोन दिवस नुसत्या पाण्याने आंघोळ करायची, साबण नाही, पावडर नाही. मंगळवारी सकाळी त्यांच्या डाव्या काखेत नवं औषध लावायचं, उजवी काख तशीच कोरी ठेवायची. मग ज्याने त्याने आपल्या कामाला जायचं, राबायचं, घाम गाळायचा, आणि दुपारी चारला परत येऊन बाकावर ओळीने बसायचं. नाकाबाईने "वर!" म्हटलं, की सगळ्यांचे हात वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, दरोडेखोर पकडलेत.

मग ती कागदाचा एक पोंगा करायची. रुंद तोंड काखेकडे, निमुळतं तोंड नाकाकडे. तीन वेळा हुंगायचं, मार्क सांगायचे. शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे खिडकी उघडा. एक माणूस झाला की स्वतःच्या कोपराचा वास घ्यायचा; त्याने म्हणे नाक धुतल्यासारखं होतं. उजवीकडे आठ आणि डावीकडे दोन आले, की औषध पास. उजवीकडे आठ आणि डावीकडे सात आले, की औषध गटारात.

त्या वर्षी मोठ्या साहेबांनी स्वतः एक औषध बनवलं. लिंबाच्या वासाचं, नऊ नंबरचं. आधीचे आठ नंबर नाकाबाईने गटारात घातले होते, म्हणून साहेब तिच्यावर जरा धुसफुसत होते. त्यात नेमकी जुनी दहा माणसं दुसऱ्या एका साबणवाल्याने पळवली, चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त देतो म्हणून. आता नव्या काखा आणायच्या कुठून?

साहेबांची नजर लिफ्टकडे गेली. कारखान्याची लिफ्ट दर महिन्याला अडकायची आणि ती दुरुस्त करायला सात भाऊ यायचे. सातही सख्खे, सातही एका साच्यातले, निळ्या डगल्यातले. एक जण वर दोर धरायचा, एक खाली दिवा, आणि बाकीचे पाच जण त्या दोघांना सल्ला द्यायचे. दिवसभर राबणारी माणसं, अंगाला ग्रीस, कपाळाला घाम. साहेब म्हणाले, "यांच्यापेक्षा चांगल्या काखा सापडायच्या नाहीत."

मंगळवारी चारला सातही भाऊ बाकावर बसले. हात वर झाले. नाकाबाईने थोरल्याच्या उजव्या काखेला पोंगा लावला आणि हुंगलं.

काहीच नाही.

तिने पोंगा झटकला आणि पुन्हा हुंगलं. ग्रीसचा वास होता, लोखंडाचा होता, डगल्याच्या खिशातल्या जुन्या पावतीचा होता. पण घामाचा म्हणून जो वास असतो, त्याचा पत्ता नाही. डावीकडे गेली. तिथे लिंबू. त्याखाली काही नाही.

"किती लिहू?" चष्मेवालीने विचारलं. चष्मेवाली म्हणजे प्रयोगशाळेतली नवीन पोरगी, मार्क लिहून घ्यायची. तिचा चष्मा एवढा मोठा होता, की आधी चष्मा दारातून आत यायचा, मग ती.

"शून्य लिही," नाकाबाई म्हणाली. "दोन्हीकडे."

दुसरा भाऊ, शून्य. तिसरा, शून्य. चौथ्यापाशी तिने जुना पोंगा फेकला आणि नवा केला. सातव्यापर्यंत पोचली तेव्हा तिच्या स्वतःच्याच कपाळावर घाम आला होता, आणि त्याचा वास मात्र तिला स्वच्छ येत होता.

साहेबांनी कागद बघितला. "चौदाच्या चौदा शून्य? बाई, दोन दिवस साबण न लावलेली माणसं आहेत ही. लिफ्टच्या भोकातून बाहेर आलीत. उजव्या काखेतसुद्धा शून्य?"

"नाही येत वास, तर काय करू?"

"कुणाला नाही येत? माणसांना, की तुम्हाला?"

थोरल्याने हळूच विचारलं, "हात खाली घेऊ का?" कोणी उत्तर दिलं नाही म्हणून बिचारा तसाच बसला.

साहेबांनी आपल्या भाच्याला हाक मारली. भाचा शहरातून अत्तराचा तीन आठवड्यांचा कोर्स करून आला होता आणि गळ्यात रेशमी रुमाल बांधायचा. तो आला, पहिल्या भावाच्या काखेपासून हातभर लांब उभा राहिला आणि मागे कोलमडला. "अरे बाप रे! नऊ! काय हा दर्प, जणू ओल्या घोंगडीत बोकड गुंडाळलाय! आणि डावीकडे... वा! एक. फक्त एक. काय औषध आहे मामा, काय औषध आहे!"

सगळ्या भावांना त्याने उजवीकडे आठ-नऊ दिले, डावीकडे एक-दोन. साहेबांचा चेहरा फुलला. नऊ नंबर पास झाला होता.

"बाई," साहेब जरा मऊ आवाजात म्हणाले, "वय होतं माणसाचं. डोळे जातात, गुडघे जातात. नाकही जातं. शुक्रवारी पुन्हा एकदा घेऊ. तेव्हाही तुमचे शून्यच आले, तर सोमवारपासून पोंगा याच्या हातात. तुम्हाला मोठा निरोप देऊ, हार, भाषण, सगळं."

भाच्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट नका वाटून घेऊ हं मावशी."

"मी तुझी मावशी कधी झाले रे?" नाकाबाई म्हणाली. "आणि खोबरेल तेलाची बाटली काल सांडलीस ती पुसून घे. पायाला लागलंय तुझ्या."

भाच्याने खाली बघितलं. लागलं होतं. पण तोवर साहेब निघून गेले होते.

नाकाबाई घरी आली ती तडक खुर्चीत बसली. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. आता निवृत्त होता, म्हणजे फुकट दुरुस्त करायचा. त्याने डोळ्यातलं भिंग न काढताच विचारलं, "काय गं, चेहरा का पडलाय?"

"अहो, माझं नाक गेलं."

"आहे की जागेवर."

"थट्टा नको. सात माणसं हुंगली, चौदा काखा. काही आलं नाही. तो रुमालवाला कालचा पोर धडाधड नऊ नऊ देतोय आणि मी आपली शून्यावर. सव्वीस वर्षं या नाकावर माशी बसू दिली नाही मी. आता भाषण करणार म्हणे माझ्यावर."

नवऱ्याने भिंग काढलं. तो कमी बोलायचा, पण बिघाड शोधायची त्याची एक पद्धत होती: आधी घड्याळ बिघडलंय की भिंत हलतेय ते बघायचं. तो उठला, तिच्या डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि पाच कप झाकून तिच्यापुढे ठेवले.

"हा?"

"पेन्सिलचा भुसा. टोक काढून दहा मिनिटंही झाली नाहीत."

"हा?"

"रबर. सायकलच्या ट्यूबचं."

"हा?"

"सिरका. यात काय ओळखायचं?"

"हा?"

"तुमचा मोजा. शी! डावा."

नवरा गालात हसला आणि पाचवा कप पुढे केला. तो त्याने मुद्दाम रिकामा ठेवला होता. नाकाबाईने हुंगलं, थांबली, पुन्हा हुंगलं.

"कप रिकामा आहे. पण कडेला तुमचा अंगठा लागलाय. घड्याळाचं तेल आहे... आणि सिगारेट."

"सिगारेट कुठली? तीन वर्षं झाली सोडून!"

"आज दुपारी. गच्चीवर. वारा पूर्वेचा होता, कारण शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरीची नीळही आहे थोडी."

नवरा टॉवेल सोडायच्या निमित्ताने तिच्या पाठीमागे गेला आणि बराच वेळ तिथेच राहिला. मग म्हणाला, "नाक ठीक आहे. भिंत हलतेय. त्या माणसांनाच वास नसेल."

"वास नाही असा माणूस असतो का कुठे?"

"ते मला काय ठाऊक? तू शोध. आणि सिगारेटचं मुलीला सांगू नकोस."

दुसऱ्या दिवशी लिफ्ट अडकलीच. दुपारपर्यंत सातही भाऊ हजर. थोरला लिफ्टच्या दारात फतकल मारून बसला होता आणि बाकीच्यांना खालच्या अंगाला काय चुकतंय ते सांगत होता. सांगता सांगता त्याने कानावरची पेन्सिल काढली, तिच्या मागच्या टोकाने कान खाजवला आणि पेन्सिल जमिनीवर टकटक आपटली. कानातून भुरभुर पडलं. बारीक, पांढरट, कोरडं.

नाकाबाई तिथेच उभी होती. हे बघा, माणसाच्या काखेपर्यंत नाक न्यायचं तर वाटेत कान लागतो. सव्वीस वर्षांत तिने हजारभर कान जाताजाता हुंगले होते. कानाच्या मळाला वास असतो, चिकट, तेलकट, मेणासारखा. ही तर नुसती रांगोळीची पूड!

"जरा ती पेन्सिल द्या हो," ती म्हणाली.

"मावशी, कानातली आहे!"

"म्हणूनच मागतेय."

तिने पेन्सिल हुंगली. काही नाही. "तुमच्या सगळ्यांचे कान असेच?"

"असेच," थोरला जरा लाजून म्हणाला. "आई म्हणायची, माझ्या पोरांच्या कानातून कोंडा पडतो. तिचेही तसेच होते, बाबांचेही. धाकटी बहीण आहे आमची, तिचेही."

"आणि घरात वासाची बाटली कोण वापरतं?"

"आमच्यात कोणीच नाही. लागलीच नाही कधी. बहिणीच्या घरी मात्र येते, जावयासाठी." तो आवाज खाली आणून म्हणाला, "जावई चांगला आहे हो. पण तो धावत जिना चढून आला, की आम्ही खिडकीपाशी बसतो."

नाकाबाई पेन्सिल घेऊन धावत प्रयोगशाळेत गेली. या वयात, दोन जिने, कारण लिफ्ट बंद होती.

चष्मेवालीने सगळं ऐकलं आणि तिचे डोळे चष्म्याएवढे झाले. "कोरडा मळ? सातही जणांचा? बाई, खाली बसा. हे मी शिकलेय! हे जनुक आहे!"

"आम्हाला समजेल असं बोल."

"बरं. आपल्या अंगाच्या प्रत्येक पेशीत, शरीर कसं बांधायचं त्याच्या कृतींचं एक मोठ्ठं पुस्तक असतं. त्यातली एक कृती म्हणजे एक जनुक. आणि त्या कृतीने जो पदार्थ तयार होतो, ते प्रथिन. आपलं हे जनुक आहे सोळाव्या गुणसूत्रावर. नाव एबीसीसी अकरा."

"हे नाव आहे की मोटारीचा नंबर?"

"तसंच असतं यांचं. त्याचं प्रथिन म्हणजे हमाल समजा. काखेतल्या घामाच्या ग्रंथीत, पेशीच्या भिंतीत, दारावर उभा राहतो आणि आतला माल उचलून बाहेर टाकतो. त्या मालाला स्वतःचा वास जवळजवळ नसतोच. पण बाहेर कातडीवर जंतू पंगत मांडून बसलेले असतात. ते माल खातात, आणि खाऊन झालं की वास सोडतात."

"म्हणजे मी इतकी वर्षं जंतूंचे ढेकर हुंगतेय?"

"ढेकर म्हणा, काहीही म्हणा. आता या जनुकात एक अक्षर बदललं, एकच, की हमाल वाकडा तयार होतो. पेशीत पण तपासनीस असतात. ते म्हणतात, हा हमाल सदोष, आणि दारापर्यंत पोचायच्या आत हमालाला मोडीत काढतात. दारावर हमाल नाही, म्हणून माल बाहेर नाही, म्हणून जंतू उपाशी. वास जवळजवळ नाहीच. आणि हाच हमाल कानातल्या ग्रंथीतही कामाला असतो. तिथेही तो नसला, की मळ कोरडा!"

नाकाबाईने हातातल्या पेन्सिलकडे बघितलं. "आणि सातांचे सात?"

"प्रत्येकाकडे त्या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बाबांकडून. एक जरी प्रत सरळ असली तरी हमाल कामावर येतो. पण आई आणि बाबा दोघांचेही कान कोरडे, म्हणजे दोघांकडेही वाकड्या प्रतीच. मग पोरांना सरळ प्रत मिळणार कुठून? आणि साहेबांनी काय केलं? अख्खी परीक्षा एकाच घराच्या काखांवर घेतली!"

"आणि तो रुमालवाला?"

"त्याने डगल्यांवरची ग्रीस बघितली आणि नऊ दिले. तो नाकाने नाही, डोळ्यांनी हुंगतो."

दोघी साहेबांकडे गेल्या. चष्मेवालीने पेशी सांगितली, हमाल सांगितला, कानाचा मळ सांगितला. मळाचं ऐकून साहेबांनी हातातलं बिस्कीट बशीत ठेवलं. "पुरे! मला पुस्तकातलं नको, कानातलं तर मुळीच नको. मला नाक दाखवा. शुक्रवार."

चष्मेवालीने त्या दिवशी दोन कामं केली. सातही भावांच्या गालांच्या आत कापसाची काडी फिरवून नमुने तपासायला पाठवले. पण त्याचं उत्तर यायला तीन आठवडे, आणि शुक्रवार परवावर. म्हणून तिने थोरल्याच्या त्या कोरड्या कानात काहीतरी कुजबुजून सांगितलं. थोरला आधी "छे छे" म्हणाला, मग इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली. नाकाबाईला मात्र तिने काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तुम्हाला माहीत नसलेलंच बरं. नाहीतर म्हणतील, शिकवून पाठवलं."

शुक्रवारी नाकाबाईने सकाळी खाल्लं नाही की चहा घेतला नाही. चष्मेवालीवर तिचा विश्वास होता. पण मनात एक किडा वळवळतच होता. मोजा कुणालाही ओळखता येतो. पुन्हा चौदा शून्य आले तर? साहेबांना जनुक दिसणार नव्हतं, शून्य दिसणार होतं. आणि सोमवारी घरी बसून करायचं काय? नवऱ्याच्या सिगारेटी मोजायच्या?

चारला सात निळे डगले बाकावर बसले, टोप्या नाकापर्यंत ओढून. साहेब टेबलामागे बसले होते. त्यांच्या मागे खिडकीत एक कुंडी होती, हिरव्यागार पानांचं झाड. चष्मेवाली म्हणाली, "साहेब, आज दोघांचेही डोळे बांधायचे. नाकाची परीक्षा आहे ना?"

साहेबांना नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

आधी भाचा. डोळ्यांवर टॉवेल बांधून तो रांगेपुढून निघाला. "उजवीकडे नऊ! डावीकडे एक. आठ! दोन. अरे देवा, नऊ!" चौथ्यापाशी तो जरा थबकला. "सात. हा बाकीच्यांपेक्षा नीटनेटका दिसतोय."

"दिसतोय?" चष्मेवालीने विचारलं.

"म्हणजे... वासावरून दिसतोय."

"टॉवेल नाकावर आलाय तुमचा, भाचेबुवा. डोळ्यांवर घ्या."

भाऊ फिदीफिदी हसले. सात जण हात वर करून हसत होते, त्यामुळे अख्खा बाक हलला. साहेबांनी टेबलावर थाप मारली.

मग नाकाबाई. नवऱ्याने दिलेला घरचा टॉवेल तिने स्वतःच घट्ट बांधला. पोंगा केला. पहिला.

"शून्य. शून्य."

साहेबांनी सुस्कारा सोडला. दुसरा. "शून्य. शून्य." तिसरा. "शून्य. शून्य." भाचा कोपऱ्यात निरोपाच्या भाषणाचं काहीतरी पुटपुटायला लागला. नाकाबाईने स्वतःच्या कोपराचा वास घेतला, पुढे सरकली आणि चौथ्याच्या उजव्या काखेला पोंगा लावला.

आणि तिचं डोकं असं मागे गेलं, जणू कोणी दार उघडून तोंडावर आपटलं!

ती सरळ झाली. पुन्हा वाकली. एकदा, दोनदा, तीनदा. चेहऱ्यावर हळूहळू असं हसू पसरलं, की सव्वीस वर्षांत काखेपुढे कुणी तसं हसलं नसेल.

"साडेआठ!" ती म्हणाली. "आणि हा यांच्यातला नाही."

"काय?" साहेब उभे राहिले.

"हा भाऊ नाही. याच्या दारावर हमाल आहे. चांगला धट्टाकट्टा, दोन पाळ्यांत काम करणारा! कोण हो तुम्ही?"

चौथ्या डगल्यातून एक बारीक आवाज आला, "मी... जावई."

आणि मग काय विचारता! थोरला ओरडला, "मावशी, पायच धरतो तुमचे!" धाकट्याने टाळ्या वाजवल्या, म्हणजे हात आधीच वर असल्यामुळे डोक्यावर वाजवल्या. खरा चौथा भाऊ दाराआड लपला होता, तो बाहेर आला. जावयाला मारून मुटकून त्याचा डगला घातला होता. पोटावरचं बटण केव्हाच तुटून गेलं होतं.

"थांबा," नाकाबाई म्हणाली. टॉवेल अजून डोळ्यांवरच होता. "काम अर्धं राहिलंय. याला सकाळी औषध लावलं होतं का?"

"लावलं," चष्मेवाली म्हणाली. "डाव्या काखेत. नऊ नंबर."

ती डावीकडे वाकली. साहेबांनी श्वास रोखला. तिने तीनदा हुंगलं.

"आठ."

"आठ?" साहेबांचा आवाज चिरकला. "साडेआठाचे आठ? अर्धाच मार्क?"

"साहेब, लिंबू छान आहे," नाकाबाई म्हणाली. "पण लिंबामागे बोकड आहे."

बिचारा जावई इतका ओशाळला, की त्याने दोन्ही हात आणखी वर ताणले. त्याबरोबर खिडकीतल्या कुंडीतल्या झाडाने आपली सगळी पानं एकदम खाली टाकली. साहेबांनी मागे वळून झाडाकडे बघितलं, मग जावयाकडे, मग झाडाकडे. आधी त्यांची मिशी हलली. मग पोट. मग साहेब जे हसत सुटले ते खुर्चीत बसून, टेबलावर डोकं ठेवून.

"पोंगा बाईंकडेच राहील," डोळे पुसत ते म्हणाले. "आणि नऊ नंबर..."

"गटारात?" चष्मेवालीने विचारलं.

"फरशी पुसायला वापरा. लिंबू छान आहे म्हणाल्या ना त्या."

भाच्याला काढलं नाही हो कोणी. साहेब म्हणाले, वास न घेता वासाचं इतकं रसभरीत वर्णन करणारा माणूस जाहिरातीत हवा. तिथे तो अजून आहे आणि झकास चाललंय त्याचं. फक्त नाकाबाईला तो आता मावशी म्हणत नाही, बाईसाहेब म्हणतो.

तीन आठवड्यांनी तपासणीचं पत्र आलं. सातही भावांकडे त्या कृतीच्या दोन्ही प्रतींत तेच एक अक्षर बदललेलं, जसं चष्मेवाली म्हणाली होती तसंच. जावयाने हौसेने आपलाही नमुना दिला होता. त्याच्या दोन्ही प्रती सरळ. थोरल्याने ते पत्र चौकटीत बसवून त्यांच्या दुकानात लावलंय आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो, "आमच्याकडचे हमाल पिढ्यान्पिढ्या सुट्टीवर आहेत."

कारखान्याच्या भिंतीवर वेळापत्रकाखाली आता नवा नियम छापलाय: एका घरातून एकच माणूस. त्या नियमाने पहिला निवडला गेला तो जावई. दर मंगळवारी डगल्याशिवाय येतो, बाकाच्या पहिल्या जागेवर बसतो आणि नाकाबाईने "वर!" म्हणायच्या आधीच हात वर करतो. दहा नंबरचं औषध लावलं त्या दिवशी त्याची डावी काख दोनवर आली. नाकाबाईने ते मार्क स्वतःच्या हाताने लिहिले. त्या संध्याकाळी बहिणीने म्हणे खिडकी बंद ठेवून त्याच्याबरोबर चहा घेतला.

झालं. सगळं खरं, अक्षर न् अक्षर. सांगितलं ना, दात...

बरं बरं, असं रोखून बघू नका. एवढं एक सांगून टाकते. त्या झाडाने पानं टाकली, ते मी पदरचं घातलं. ते झाड प्लास्टिकचं होतं.